आधी आपण बसायचं

(पावसाळी आरोग्य शिबिरांसाठी पाड्यांवर जाणाऱ्या स्वयंसेवकांचा मेळावा चेंबूर येथे झाला. त्यात मिशनच्या ज्येष्ठ सेविका, निवृत्त परिचारिका, यांनी केलेल्या भाषणाचा हा मजकूर.)



मला सांगण्यात आलं, की ‘ताणाच्या प्रसंगी मन शांत कसं ठेवावं’ या विषयावर तुम्ही बोला. हे ऐकून आमच्या घरात सगळे हसले. कारण मी मुळात तापट. चौतीस वर्षं मी महापालिकेच्या रुग्णालयांत नोकरी केली. माझ्या वॉर्डातल्या शिकाऊ मुली लांबून माझ्या चपलांचा आवाज ऐकून खुर्चीवरून उठायच्या. तेव्हा शांत स्वभावाची बाई म्हणून मी आज इथं उभी नाही. माझ्या रागामुळे एका मुलीच्या जिवावर बेतता बेतता राहिलं, त्यातून जे शिकले ते सांगायला उभी आहे.

निवृत्त झाल्यावर दुसऱ्याच पावसाळ्यात मी आपल्या शिबिराबरोबर मोखाड्याला गेले. तुमच्यापैकी जुन्या मंडळींना तो रस्ता माहीत आहे. पहाटे चेंबूरहून निघायचं, कसाऱ्याला पोचायचं, तिथून विहीगाव, खोडाळा करत वर. त्या दिवशी पाऊस असा होता, की पुढची गाडी दिसत नव्हती. पाड्यावर पोचलो तेव्हा अकरा वाजले होते. भातलावणीचे दिवस, माणसं शेतावर. शाळेच्या पडवीत टेबल मांडलं, औषधं काढली, दहा-बारा म्हाताऱ्या आणि लहान मुलं तपासून झाली. आमच्याबरोबरचे डॉक्टर पुढच्या पाड्यावर एक आजारी बाळंतीण पाहायला गेले. मी, दोन स्वयंसेवक आणि तिथल्या आशाताई एवढेच मागे राहिलो.

दुपारी एकच्या सुमारास एक माणूस मुलीला खांद्यावर घालून आला. मुलगी सोळा-सतरा वर्षांची. बापाच्या अंगावर चिखल, मागे आई, तिच्या मागे सात-आठ बायामाणसं. मुलीच्या पायाला, घोट्याच्या वर, लुगड्याची चिंधी इतकी घट्ट आवळली होती, की पाऊल काळंनिळं पडलेलं. लावणी करताना बांधावर जनावर चावलं होतं. कोणतं ते कोणी धड पाहिलं नव्हतं. मी विचारलं, “कधी चावलं?” बाप म्हणाला, “सकाळी. भगताकडं नेली होती.”

सकाळी! मी घड्याळ पाहिलं आणि माझा तोल गेला.

मी काय काय बोलले ते सगळं आता सांगत नाही. “चार तास भगताकडे बसून काय केलंत? पोरगी मारायची आहे का तुम्हाला?” एवढं नक्की बोलले, आणि तेही वॉर्डातल्या आवाजात. पडवीत शांतता पसरली. मुलगी आतापर्यंत कण्हत होती, ती थरथरायला लागली, भराभर श्वास घ्यायला लागली. आईनं तोंडाला पदर लावला. आणि बाप? त्यानं एक शब्द उच्चारला नाही. त्यानं मुलीला परत उचललं आणि चालू लागला. पडवीच्या पायऱ्या उतरून भर पावसात अंगणात गेला.

मी तिथंच उभी. हातात रक्तदाब मोजायचा पट्टा, आणि पाय जागचे हलेनात.

आशाताई उठल्या. धावल्या नाहीत, चालत गेल्या. वाटेत माठातून तांब्याभर पाणी घेतलं. बापाच्या पुढ्यात गेल्या आणि चिखलातच खाली बसल्या. म्हणाल्या, “दादा, बसा जरा. पोरीला खाली ठेवा. पाय हलू नये तिचा.” आवाज असा, जसं काही बाजारहाटाची चौकशी चालली आहे. माणूस बसला. का बसला ते मला तेव्हा कळलं नाही. समोरचं माणूस खाली बसलं, की आपण उभं राहत नाही, एवढंच असेल. ताईंनी त्याला पाणी दिलं, मुलीला नाव विचारलं, कुठल्या शेतात होतीस, बरोबर कोण होतं, असं विचारलं. मुलगी एकेका शब्दात उत्तर द्यायला लागली. मग सगळ्यांनी मिळून तिला हलक्या हातानं पडवीत आणून आडवी निजवली.

मग आशाताई माझ्याकडे वळल्या. मला वाटलं, आता ह्या मला चार शब्द सुनावणार, आणि ते योग्यच होतं. त्या म्हणाल्या, “ताई, तुम्ही पण बसा. हिचा पाय धरून ठेवा, हलू देऊ नका. मी गाडीचं बघते.”

मी बसले. पाय धरला. आणि मला कळलं, की थरथरतोय तो तिचा पाय नाही, माझे हात आहेत.

परिचारिकेला एक सवय असते. पेशंटजवळ बसलं, की घड्याळाकडे बघून त्याचे श्वास मोजायचे, पूर्ण एक मिनिट. दुसरं काही सुचत नव्हतं म्हणून मी तेच केलं. पहिल्या मिनिटाला तिचे छत्तीस श्वास भरले. परत मोजले, एकतीस. तिसऱ्यांदा मोजताना लक्षात आलं, की माझाही श्वास खाली आलाय, हात स्थिर झालेत, आणि डोकं चालायला लागलंय. पाय हलू नये म्हणून फळी बांधायला हवी, हे मला तेव्हा आठवलं. शाळेची लाकडी पट्टी घेतली, दोन ओढण्या घेतल्या, मोडलेल्या हाडाला बांधतो तसा पाय बांधला. पायातलं पैंजण काढलं, कारण सूज चढली की ते रुततं. आवळलेली चिंधी मात्र मी एकदम सोडली नाही. इतका वेळ घट्ट बांधलेली चिंधी झटक्यात सुटली, की साठलेलं विष एकदम अंगात पसरू शकतं. ती दवाखान्यात डॉक्टरांच्या समोर सोडायची असते. हे सगळं मला नोकरीपासून ठाऊक होतं. पण त्या दहा मिनिटांपूर्वी यातली एकही गोष्ट मला आठवत नव्हती.

जीप मिळाली. ग्रामीण रुग्णालयात पोचलो. तिथल्या तरुण डॉक्टरांनी मुलीचं थोडं रक्त काचेच्या कोरड्या नळीत घेतलं, नळी स्टँडमध्ये ठेवली आणि म्हणाले, “वीस मिनिटं कोणी हात लावायचा नाही.” ही साधी तपासणी आहे. वीस मिनिटांनी नळी तिरकी करायची. रक्त गोठलं असेल तर बरं. पातळच राहिलं, तर विषानं रक्त बिघडवलंय असं समजायचं. घोणस आणि फुरसं यांच्या विषानं असं होतं. तिचं रक्त गोठलं नाही. प्रतिविष सुरू झालं. पाच दिवस ती तिथं होती आणि स्वतःच्या पायांनी घरी गेली.

तिसऱ्या दिवशी मी तिला भेटायला गेले. बाप बाहेर बाकावर बसला होता. मी त्याची माफी मागितली. तो बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, “बाई, तुम्ही ओरडलात ना, तेव्हा मला वाटलं पोर आता जगत नाही. म्हणून घरी नेत होतो. मरायचं तर घरात मरू दे.”

मित्रहो, आजच्या भाषणात एवढं एकच लक्षात ठेवलंत तरी पुरे. मी बोलले त्यातला एक शब्दही त्याच्या कानात शिरला नव्हता. त्यानं माझा आवाज ऐकला, आणि त्या आवाजाचा त्यानं त्याच्या परीनं अर्थ लावला. घाबरलेला माणूस आपले शब्द ऐकत नाही. तो आपला चेहरा वाचतो, आपला आवाज वाचतो. सिस्टर ओरडतेय, म्हणजे संपलं. सिस्टर खाली बसलीय, म्हणजे अजून काही करता येईल.

आता, माझं काय झालं होतं ते नीट पाहू. कारण तुमचंही तेच होणार आहे. पाड्यावर होईल, नाहीतर अमर महलच्या सिग्नलला होईल, नाहीतर घरी सासूबाई पडल्या तर होईल. संकट दिसलं, की शरीर लढायच्या किंवा पळायच्या तयारीला लागतं. काळीज जोरात धडधडतं, श्वास वरच्यावर चालतो, जबडा आवळला जातो, खांदे वर जातात. वाघ समोर आला तर हे उपयोगाचं. पण समोर घाबरलेला बाप असेल, तर ही सगळी ताकद त्याच्यावरच निघते. आणि अशा वेळी डोक्याचा विचार करणारा भाग मागे पडतो. शिकलेलं आठवत नाही, नवीन सुचत नाही. म्हणून ‘शांत हो, शांत हो’ असं मनाला नुसतं सांगून काही होत नाही. मन ऐकण्याच्या अवस्थेतच नसतं. शरीर मात्र ऐकतं. म्हणून सुरुवात शरीरापासून करायची.

आशाताईंनी त्या दिवशी नकळत जे केलं, त्याचे मी पाच भाग पाडलेत. गेली काही वर्षं मी ते स्वतःवर वापरते.

पहिलं, बसायचं. बसता येत नसेल तर दोन्ही पाय जमिनीवर नीट टेकवायचे आणि तळव्यांखालची जमीन जाणवून घ्यायची. उभ्या माणसाचा आवाज चढतो, बसलेल्याचा सहसा चढत नाही. शिवाय आपण बसलो, की समोरच्याच्या डोळ्यांच्या पातळीवर येतो.

दुसरं, श्वास सोडायचा. लक्षात घ्या, मी ‘घ्यायचा’ म्हणत नाही. सगळे सांगतात दीर्घ श्वास घ्या, आणि घाबरलेला माणूस छाती भरून घेतो आणि आणखी कोंडल्यासारखं होतं. आधी सोडायचा. हळू, गरम चहावर फुंकर घालतो तसा. घेताना तीनपर्यंत मोजलं, तर सोडताना पाच-सहापर्यंत मोजायचं. श्वास सोडताना हृदयाची गती थोडी मंदावते, ही शरीराची रचनाच आहे. असे पाच-सहा श्वास, म्हणजे एक मिनिटसुद्धा लागत नाही. जवळ पाणी असेल तर तोंडावर गार पाण्याचा हबका मारा. त्यानंही धडधड कमी होते.

तिसरं, मनात चाललंय त्याला नाव द्यायचं. मनातल्या मनात, साध्या शब्दांत. ‘मला राग आलाय.’ ‘मी घाबरलेय.’ मी त्या दिवशी हे केलं असतं, तर मला कळलं असतं, की माझ्या रागाच्या खाली भीती आहे. नोकरीत असताना एका रात्रपाळीला असाच उशिरा आणलेला एक मुलगा माझ्या डोळ्यांसमोर गेला होता. बापानं ‘सकाळी’ म्हटलं, तेव्हा मला तो मुलगा दिसला. म्हणजे मी त्या बापाला ओरडलेच नव्हते. वीस वर्षांपूर्वीच्या एका रात्रीला ओरडत होते. नाव दिलं, की हा घोळ निदान दिसतो तरी.

चौथं, आवाज खाली आणायचा आणि वाक्य छोटं करायचं. ‘बसा.’ ‘पाणी प्या.’ ‘मी इथंच आहे.’ घाबरलेल्या माणसाला लांब वाक्य पेलत नाही, आपल्यालाही पेलत नाही.

पाचवं, एकच काम धरायचं. आत्ता, या क्षणी, माझ्या हातानं करण्यासारखं एक काम कोणतं? पाय धरणं. श्वास मोजणं. गाडीला फोन करणं. एक झालं की दुसरं. आणि तुमच्याबरोबरचं कोणी भांबावलं असेल, तर त्याला ‘शांत व्हा’ म्हणू नका, त्याच्या हातात एक काम द्या. आशाताईंनी मला दिलं तसं.

कोणी म्हणेल, की ताई, जीव वाचवायचा की श्वास मोजत बसायचं? तर सर्पदंशाचंच उदाहरण घ्या. साप चावल्यावर प्रथमोपचारात पहिली पायरी कोणती सांगितली आहे? रुग्णाला धीर देणं. औषधाच्या आधी, गाडीच्या आधी. कारण आपल्याकडचे बहुतेक साप बिनविषारी आहेत, आणि विषारी सापाच्या प्रत्येक चाव्यात विष उतरतंच असं नाही. घाबरून माणूस धावला, हातपाय हलवत राहिला, तर विष लवकर पसरतं. म्हणून धीर द्यायचा, निजवायचं, चावलेला भाग हलू द्यायचा नाही, चालवायचं नाही, आणि तातडीनं प्रतिविष असलेल्या दवाखान्यात न्यायचं. कापायचं नाही, चोखायचं नाही, आवळून बांधायचं नाही, साप शोधण्यात वेळ घालवायचा नाही. आपल्याकडे मिळणारं प्रतिविष नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चारही सापांवर चालतं, त्यामुळे साप पकडून दाखवायची गरज नसते. २००० ते २०१९ या वीस वर्षांत भारतात सर्पदंशानं सुमारे बारा लाख माणसं गेली, असा अभ्यासकांचा अंदाज आहे. म्हणजे वर्षाला सरासरी ५८ हजार. त्यातली बहुतेक खेड्यापाड्यांतली, शेतात राबणारी. केंद्र सरकारनं मार्च २०२४ मध्ये यासाठी राष्ट्रीय कृती आराखडा आणला आणि २०३० पर्यंत हे मृत्यू निम्म्यावर आणायचं ठरवलं. त्या कामात धीर देणारा शांत माणूस ही सोय नाही, तो उपचाराचा भाग आहे.

आता त्या भगताबद्दल. मी त्याच्यावर जाम चिडले होते. नंतर पाड्यावर आशाताईंबरोबर चालत फिरले तेव्हा उलगडा झाला. भगताचं घर शेतापासून हाकेच्या अंतरावर. रुग्णालय जीप मिळाली तर सव्वा तास, आणि जीप मिळेलच असं नाही. मोबाइलला रेंज टेकडीवर. अशा वेळी बाप पोरीला घेऊन कुठं जाईल? जो जवळ आहे, जो ओळखीचा आहे, जो त्याच्यावर ओरडत नाही, त्याच्याकडे. मेळघाटात तर भुमकांना, म्हणजे तिथल्या भगतांना, विश्वासात घेऊन त्यांनीच रुग्ण दवाखान्यात पाठवावेत असे प्रयत्न झाले आहेत. पुढच्या खेपेला आम्हीही त्या भगताकडे गेलो, चहा प्यायलो, आणि म्हटलं, “तुमचं तुम्ही करा, पण आधी गाडीला निरोप द्या.” त्यानं मान डोलावली. त्यानंतर त्या पाड्यावरून दोन जण वेळेत रुग्णालयात पोचले, असं आशाताईंनी मला फोनवर सांगितलं.

याचा अर्थ राग चुकीचा असतो असं मी म्हणत नाही. रस्ता नाही, गाडी नाही, रेंज नाही याचा राग यायलाच हवा. तो येत नसेल, तर आपण शिबिराला सहलीसारखे जातो असं समजा. पण तो राग जवळ सापडेल त्या गरिबावर काढायचा नाही. तो कागदावर उतरवायचा. तारीख, वेळ, काय घडलं, किती वेळ गेला, काय कमी होतं. ग्रामसभेत ठेवायचा, तालुक्याला अर्ज द्यायचा, पोच घ्यायची, पुन्हा जायचं. ओरडलेला राग पाच मिनिटांत विरतो. लिहिलेला राग फायलीत राहतो आणि त्याचा पाठपुरावा करता येतो.

एक प्रश्न उरतो. ऐन वेळी हे आठवणार कसं? उत्तर सोपं आहे. आठवत नाही. सराव केलेलं तेवढंच हातून होतं. आपल्या महाराष्ट्रातच याचं मोठं उदाहरण आहे. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेनं १९९५ पासून ३९ गावांत घरच्या घरी नवजात बाळांची काळजी घ्यायला गावातल्याच बायकांना शिकवलं. बाळ जन्मलं आणि रडलंच नाही, तर काय करायचं, हेही त्यात होतं. विचार करा, झोपडीत, रात्री, आईबाप आक्रोश करताहेत, आणि बाळाला श्वास देण्यासाठी हातात मोजकी मिनिटं आहेत. अशा वेळी त्या बाईला काय वाटत असेल? भीती तिलाही वाटतच असणार. पण पायऱ्या ठरलेल्या, सराव झालेला, त्यामुळे हात काम करतात. तिसऱ्या वर्षापर्यंत त्या गावांतले नवजात बालकांचे मृत्यू, जिथं हे काम नव्हतं त्या गावांच्या तुलनेत ६२ टक्क्यांनी कमी झाले. १९९९ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात ते प्रसिद्ध झालं, आणि २०११ पासून देशभरातल्या आशाताई नवजात बाळांसाठी घरभेटी देतात. आमच्या मोखाड्याच्या आशाताईंच्या त्या शांतपणामागेही अशी शिकवण आणि कितीतरी घरभेटी होत्या. जन्मतः कोणी तशी नसते. माझ्यासारख्या तापट बाईला यात फार मोठा दिलासा आहे.

आता शेवटचा भाग, आणि तो मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. शिबिर संपलं, आपण परत आलो, त्यानंतरचं काय?

त्या दिवशी रात्री साडेअकराला मी चेंबूरला घरी पोचले. सुनेनं जेवण झाकून ठेवलं होतं. आमटी गार होती म्हणून मी तिला ताडकन बोलले. दिवसभर दाबून धरलेलं सगळं त्या गार आमटीवर निघालं. मुलगी वाचेल की नाही हे तेव्हा कळलं नव्हतं, ती धाकधूक होती. स्वतःची लाज होती. पण सुनेला काय माहीत? असं आपल्यापैकी कितीजणांच्या घरात होतं, हात वर करायला सांगत नाही.

प्रसंगात शांत राहणं म्हणजे भावना तात्पुरती बाजूला ठेवणं. ती संपत नाही. नंतर ती उतरवून ठेवावी लागते. डॉ. अभय बंगांना १९९५ साली, वयाच्या पंचेचाळिशीच्या आसपास, हृदयविकाराचा झटका आला. दुसऱ्यांचं आरोग्य सांभाळणारा हा माणूस. त्यांनी मग स्वतःच्या जगण्याकडे, धावपळीकडे, मनातल्या ताणाकडे पाहिलं, आहार, चालणं, योग, ध्यान यांची वाट धरली आणि ‘माझा साक्षात्कारी हृदयरोग’ हे पुस्तक लिहिलं. सेवा करणाऱ्या प्रत्येकानं ते वाचावं. सेवेच्या कामात ताण कमी लागतो, असा आपला गैरसमज असतो. उलट इथं ‘मी दमलो’ म्हणायची लाज वाटते, म्हणून तो जास्त साठतो.

आपल्या परंपरेत एक गोष्ट सांगतात. लोकांच्या बोलण्यानं व्यथित होऊन ज्ञानेश्वरांनी झोपडीची ताटी लावून घेतली, आणि धाकट्या मुक्ताबाईनं बाहेर उभं राहून त्यांना दार उघडायची विनवणी केली. ‘ताटीचे अभंग’ त्या प्रसंगाचे मानतात. मला त्यातलं एक फार भावतं. ज्ञानेश्वरांसारख्यालाही एकट्यानं ताटी उघडता आली नाही. बाहेर कोणीतरी उभं राहावं लागलं. आणि ती मोठी अधिकारी व्यक्ती नव्हती, धाकटी बहीण होती.

तेव्हा परतीच्या गाडीत गप्प बसू नका. काय पाहिलं, काय वाटलं, कुठं चुकलं, ते बरोबरच्या माणसाला सांगा. ऐकणाऱ्यानं उपदेश करू नये, ऐकावं. घरी गेल्यावर आधी सांगून टाका, ‘आजचा दिवस जड गेला, अर्धा तास द्या मला.’ जेवा, झोपा, दुसऱ्या दिवशी चालायला जा. आणि दोन आठवडे झाले तरी झोप लागत नसेल, तोच प्रसंग डोळ्यांपुढे येत असेल, जगणं नकोसं वाटत असेल, तर १४४१६ हा ‘टेली मानस’चा क्रमांक आहे. ऑक्टोबर २०२२ पासून सरकारनं सुरू केलेला, विनामूल्य, मराठीत बोलता येतं. तो फक्त ‘त्या’ लोकांसाठी नाही. आपल्यासाठीही आहे. १०८ रुग्णवाहिकेसाठी असतो तसा हा मनासाठी.

येत्या खेपेला जाणाऱ्या प्रत्येक गटानं दोन-दोनच्या जोड्या कराव्यात, अशी माझी विनंती आहे. एकाचा आवाज चढला, की दुसऱ्यानं फक्त एवढंच म्हणायचं, ‘ताई, बसा’ किंवा ‘दादा, बसा’. त्यात अपमान मानायचा नाही, असं आजच ठरवून घ्या. माझी जोडीदार आमच्या गटातली सगळ्यात लहान मुलगी आहे, कॉलेजात शिकते. गेल्या वर्षी तिनं मला तीनदा बसवलं. तिन्ही वेळा मी बसले.

आता बोलणं पुरे. चहा येईपर्यंत आपण सराव करू. सगळ्यांनी पाय जमिनीवर टेकवा. खांदे खाली सोडा. जबडा सैल. आणि आता चहावर फुंकर घालतो तसा श्वास सोडा. पुन्हा. आणखी एकदा.

हे रोज करा. चेंबूर नाक्याला बसची वाट पाहताना करा, कुकरची शिटी व्हायची वाट बघताना करा. म्हणजे ज्या दिवशी एखादा बाप मुलीला खांद्यावर घेऊन तुमच्यासमोर उभा राहील, त्या दिवशी शरीर आपोआप खाली बसेल.

ती मुलगी आता दोन मुलांची आई आहे. मागच्या पावसाळ्यात भेटली. मला बघून तिनं पहिल्यांदा काय केलं माहिती आहे? घरातून चटई आणली, अंथरली, आणि म्हणाली, “बाई, बसा.”